सिंहाचा दात

आबा, परवा इथल्या म्हाताऱ्या पेंटरानं तुमचा शब्द काढला. मी राजवाड्याचा लाकडी खांब घासत बसलो होतो. त्यानं पांढऱ्या लेपाचा डबा माझ्याकडं सरकवला अन् म्हणाला, "पहले जेसो मार, फिर रंग." माझा हात थांबला. "क्या बोले?" त्याला वाटलं मला काम कळलं न्हाई. "जेसो रे. सफेदी. इटली का लफ्ज है." एवढं बोलून तो दुसऱ्या खांबाकडं गेला. मी खांबाला पाठ लावून तसाच बसलो. दोघा-तिघांनी विचारलं, बरं हाय का म्हणून. त्यांच्या भाषेत विचारलं असणार. मी मान हलवली.

मी मद्रासला असतो आता. शिनेमाचे राजवाडे, देवळं, तट उभे करायचे अन् काम झालं की मोडायचे, हे माझं काम. उसाच्या फडातून पळून ट्रकवर बसलो, हैदराबादला गेलो, तिथंही बूड टेकलं न्हाई, मग इथं. मराठी बोलायला कुणी न्हाई. बोटावर हातोडी बसली की "आय गं" निघतं, दिवसभरात तेवढीच आपली भाषा. चौथीपर्यंतच शाळा झाली, तुमाला ठाऊकच हाय, म्हणून अक्षर असं. पण तुमाला कुठं वाचायचंय.

तुमची गोष्ट मला अजून पाठ हाय. लढाईत वाळवंटात तुमची पलटण धरली, जहाजात घालून इटलीला नेली, तारेच्या कुंपणात ठेवली. एक दिवस लॉरी आली अन् धट्टेकट्टे बघून तीस जण नेले. तुमाला वाटलं, आता गोळी घालणार. उतरवलं ते एका राजाच्या शहरात. तट, बुरूज, दाराशी दोन सिंह. अंगात पत्र्याचं चिलखत, हातात भाला. कुठल्यातरी जुन्या राजाचा शिनेमा, अन् तुमी त्याच्यावर चालून आलेली फौज. बाहेर खरी लढाई, आत खोटी, अन् खोट्या लढाईच्या दिवशी पाव दुप्पट. पहिल्याच धावेत तुमचा खांदा तटाला लागला, दगड निखळून पायावर पडला. ओरडायला तोंड उघडलं, पण लागलंच न्हाई. आत गोणपाट, वरून पांढरा लेप. पहारेकरी हसून म्हणाला, "जेसो, जेसो." त्याच पहारेकऱ्यानं बुटाची नाडी बांधताना आपली खरी बंदूक तुमच्या हातात दिलती. "मंग पळाला कावून न्हाई?" माय दर वेळी विचारायची. तुमी दर वेळी म्हणायचे, "दुपारचा पाव राहिलता." मग विमानं आली, भोंगा झाला, राजा, राणी, कैदी, पहारेकरी सगळे एकाच खड्ड्यात. वर आलात तर एका सिंहाचं तोंड फुटलेलं. त्यातला एक दात तुमी उचलला अन् कोटाच्या अस्तरात शिवला.

आपल्या घरात पोकळ वस्तूला जेसोच म्हणत. आतून किडकी शेंग निघाली, जेसो. बाजारातून आणलेलं टरबूज पांढरं निघालं की माय म्हणायची, "घ्या, तुमचं जेसो." चेअरमन सोसायटीपुढं उभा राहून पुढच्या साली पाटाचं पाणी आणतो म्हणाला, तेव्हा तुमी माझ्या कानात तेच म्हणालात अन् आपण दोघं खोकल्यासारखं करून हसलो. शाळेत मी हा शब्द बोललो तर पोरं म्हणली, असा शब्दच न्हाई.

मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या साली आपण सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. तुमी, माय अन् मी. मी तेव्हा चौदाचा असेन. जेवणाच्या सुट्टीत सुकडी खाता खाता तुमी सहज म्हणालात, "असे दगड मी इटलीत एका हातानं उचललेत." मुकादम तिथंच होता. "एका हातानं? आबा, मंग इथं दोन्ही हात लावून कुथता कावून?" सगळे हसले. तुमीही हसलात अन् पुरी गोष्ट सांगितली. तेव्हा सोसायटीच्या गोदामाला राखणदार पाहिजे होता. तुमचं नाव जवळजवळ ठरलं होतं, चेअरमन स्वतः बोलला होता, पलटणीतला माणूस हाय, विश्वासाचा हाय म्हणून. मुकादम चेअरमनचा मेहुणा, त्याला ती जागा आपल्या भावासाठी पाहिजे होती. तो म्हणाला, "दुश्मनानं शिनेमात घेतलं, बंदूक हातात दिली. आबा, काही तरी पुरावा दाखवा की." तुमी म्हणालात, "हाय की. सिंहाचा दात हाय. पेटीत. उद्या आणतो."

त्या संध्याकाळी तुमी पेटी तीनदा उपसली. कोट झटकला, अस्तर बोटानं चाचपलं. माय म्हणाली, उंदरानं नेला असंल. तुमी मला विचारलंत, "तू बघितला का रे?" मी म्हणलो, "न्हाई." अन् दुसऱ्या दिवशी मुकादमानं सगळ्यांपुढं हात पसरून दात मागितला, तुमी सापडला न्हाई म्हणालात, तेव्हा त्यानं मला विचारलं, "काय बे, तू तर घरातला. बघितलाय का कधी?" तुमी माझ्याकडं बघत होतात. मी म्हणलो, "असलं काही न्हाई आमच्याकडं. आबा उगं सांगतेत."

गोदामाच्या किल्ल्या मुकादमाच्या भावाकडं गेल्या. चेअरमन हसत म्हणाला म्हणे, ज्याला आपला दात सांभाळता आला न्हाई तो गावाची ज्वारी काय सांभाळणार. तुमी खडीवरच राहिलात. मला एका शब्दानं बोलला न्हाईत. फक्त त्यानंतर घरात जेसो हा शब्द आला न्हाई. एकदा मायनं किडकी शेंग पुढं केली अन् तुमच्या तोंडाकडं बघत राहिली. तुमी म्हणालात, "टाकून दे." तीन वर्षांनी तुमी गेलात.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. दात मी नेलता. दुष्काळाच्या आदल्या साली, बारा वर्षांचा असताना. बोटाएवढा, पांढरा, खडूसारखा उठायचा. सोसायटीच्या नव्या गोदामाला खालून काळं डांबर फासलेलं होतं, त्याच्यावर मी तुमचा सिंह काढला. आयाळ काढता काढता दात संपत गेला, शेपटीला तर नखाएवढा उरला होता, तोही घासला. तुमी दुसऱ्या दिवशी तिथून जाताना थांबलात. "कुणी काढला बे हा?" मी म्हणलो, मी. तुमी लई वेळ बघितलं. म्हणालात, "तोंड उघडं काढलंस ते बरोबर हाय. तसंच होतं."

पाऊसच न्हाई, म्हणून तो सिंह पुसला न्हाई. दोन वर्षं तिथंच होता. मुकादमानं पुरावा मागितला त्या दिवशीही होता, खडीच्या ढिगापासून हाकेच्या अंतरावर. मी बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. तुमाला दात मिळाला नसता, पण मी खरं बोललो असतो, अन् किल्ल्या कदाचित तुमच्या कमरेला असत्या.

पेंटरानं आज विचारलं, जेसो ऐकून परवा का बसलास असा. मी म्हणलो, माझे वडील इटलीत शिनेमात होते. तो हसला न्हाई. म्हणाला, "अच्छा, क्या बने थे?" एवढं साधं विचारलं त्यानं. मी म्हणलो, राजावर चालून आलेली फौज, तर त्यानं पुढं विचारलं, "फिर जीता कौन?" तुमी त्या राजाच्या बाजूचे होतात की विरुद्ध, ते ठाऊक हाय मला. पण शेवटी तट पडला का, कोण जिंकलं, ते मी कधी विचारलंच न्हाई.