आजीनं ट्रक चालवावा की चालवू नये

ओलेटा,

माझ्या पोटच्या पोराच्या पोरीनं, भरल्या चर्चच्या तळघरात उभं राहून, मी ट्रक चालवायच्या लायकीची नाही हे पुराव्यानिशी सिद्ध केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी सूनही होती. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं गोडधोड लिहायला हात वळायचा नाही.

आता रीतीचं. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या तूच खा, कोंबड्यांना घालू नकोस. इथं देवाच्या दयेनं सगळे ठणठणीत आहेत. जरा जास्तच आहेत, त्याचाच मला ताप झालाय.

आमच्या ड्वाइटनं आणि सूनबाई केंड्रानं पोरांना शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतलं, हे तुला ठाऊक आहे. (मी सहावीत शाळा सोडली आणि घरी बसले, तेव्हा त्याला कुणी शिक्षण म्हटलं नाही. तंबाखूच्या शेतात कामाला लावली म्हणाले.) बायबल वाचून दिवस सुरू करायला माझी ना नाही. पण त्यानंतर लॅटिन! धाकटा बोअझ ग्रेव्हीत बुडवलेला पाव तोंडात धरून लॅटिनची रूपं घोकतो आणि ग्रेव्ही माझ्या बाहीवर येते. ती भाषा बोलणारं आता कुणी जिवंत नाही म्हणे. मग घाई कसली? जेवण होईपर्यंत थांबेल की ती! केंड्रा सांगते, ही फार जुन्या लोकांची पद्धत आहे. लहानपणी नुसतं पाठ करायचं, मधल्या वयात वाद घालायचा आणि मोठं झालं की लोकांना पटवायचं. तिर्झा सध्या मधल्या पायरीवर आहे. तिला मीठ दे म्हटलं, तर विचारते, "आजी, भाजी अळणी आहे, की तुला सवय आहे म्हणून मागतेस?" आपल्या आईनं असल्या पायरीवरून एका थपडेत खाली उतरवलं असतं.

दर मंगळवारी अशी घरी शिकणारी सगळी पोरं आयांसकट चर्चच्या तळघरात जमतात. पेनबेकरबाई म्हणून एक आहेत (केस इतके ताणून बांधतात, की डोळे मिटतात कसे हा मला प्रश्न पडतो), त्या पोरांना वाद घालायला लावतात. विषय नेहमी 'करावं की करू नये' असा. मागं महिनाभर रोमच्या कुठल्या सेनापतीनं नदी ओलांडावी की ओलांडू नये यावर भांडत होते. अरे, तो ओलांडून, मरून, माती होऊन गेला! या खेपेला बाई म्हणाल्या, विषय आपापल्या घरातला आणा. तिर्झानं माझा ट्रक नेला.

मला काय ठाऊक? मला वाटलं, पोरगी आजीची बाजू मांडणार. संध्याकाळी शेंगा सोलताना ती कागद घेऊन शेजारी बसायची आणि म्हणायची, "आजी, आणखी एखादा प्रसंग सांग ना." मी सांगत गेले. पाद्रीबाबांची टपालपेटी मी पाडली नाही, ती मुळातच वाकडी होती, मी फक्त तिचा निकाल लावला. दाण्याच्या दुकानापाशी मी ट्रक दाराला इतका बेतानं खेटून लावला, की मालकाला खिडकीतून बाहेर यावं लागलं. साधतो का कुणाला इतका नेम? आणि चौकातली थांबायची पाटी मी बघत नाही, कारण ती कुठं आहे हे मला पाठ आहे. (पाठांतराचं एवढं कौतुक आहे ना या घरात?)

तळघरात गेल्यावर कळलं, की कुणी कोणती बाजू बोलायची हे ऐनवेळी नाणं उडवून ठरतं, म्हणून पोरं दोन्ही बाजूंची तयारी करून येतात. नाणं माझ्या विरुद्ध पडलं. पोरगी उभी राहिली आणि टपालपेटी, खिडकी, पाटी, सगळं माझ्याच शब्दांत माझ्याच अंगावर आलं. आवाज तर असा खणखणीत, की मागच्या बाकावरचा म्हातारा हॅस्केल, जो प्रवचनाला कधी जागा नसतो, तोही जागा झाला. मी मध्येच उठून म्हटलं, "पेटी वाकडी होती हे सांग की!" पेनबेकरबाई म्हणाल्या, "आजी, श्रोत्यांनी बोलायचं नसतं." श्रोते! माझाच ट्रक आणि मीच श्रोता!

निकाल लागला. ड्वाइटनं तिथंच हात पुढं केला. "आई, किल्ल्या." मी म्हटलं, "तुला गाडी शिकवली कुणी?" तर म्हणतो, "तूच. म्हणूनच मागतोय." आता किल्ल्या त्याच्या पट्ट्याला लटकतात आणि तो चालला की वाजतात. केंड्रा म्हणते, "आई, कुठंही जायचं असेल तर मी नेईन ना!" नेईल. तिच्या वेळेला, तिच्या व्हॅनमधून, मागं लॅटिन चालू असताना. किल्ल्या गेल्या की बाई बाई राहत नाही, सामान होते. कुणीतरी उचलायचं, कुणीतरी ठेवायचं.

घरी आल्यावर तिर्झा माझ्यापाशी आली. "आजी, रागावलीस? नाणं तिकडं पडलं असतं, तर मी तुलाच जिंकवलं असतं."

"मग तुझं स्वतःचं मत काय गं?"

"ते कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय."

बुटांकडं बघत म्हणाली, "तू चालवावास, आजी. पण मी आत नसताना."

यावर तूच काय ते समज.

तुझी थोरली बहीण,
व्हर्ना

ता. क. एक राहिलं. नवा साक्षीदार मिळाला तर हरलेल्या बाजूला तोच वाद पुन्हा मागता येतो, असा पेनबेकरबाईंचा नियम आहे, आणि तेव्हा बोलणाऱ्यांनी बाजू बदलायच्या असतात. म्हणजे तिर्झा आता माझ्याकडून! निकाल फिरला तर किल्ल्या परत देईन, असं ड्वाइट सगळ्यांसमोर बोलून बसलाय. साक्षीदार मात्र माझ्या शेजारी बसून गेलेला हवा. तेव्हा येत्या मंगळवारी तू ये. मी न्यायला येऊ शकत नाही, ते उघडच आहे. तुझ्या नवऱ्याला, वेंडेलला, गाडी काढायला सांग.

ता. क. आणखी. चर्चमध्ये खोटं बोल असं मी सांगणार नाही. पीच आणायला गेलो तेव्हा आपण ट्रकसकट ओढ्यात उतरलो होतो, त्याबद्दल विचारलं तर काही पाहिलं नाही म्हण. ते खरंच आहे, तू घोरत होतीस. तुला त्यासाठीच बोलावतेय. उत्तर तू स्वतःच्या हातानं लिही. वेंडेलला लिहू देऊ नकोस, आणि मंगळवारी तळघरातही आणू नकोस. तुझा नवरा त्या दिवशी खिडकीशी बसला होता, आणि जागा होता.