काही होत नाही म्हणायचं होतं

माय, आज तुझी फार आठवण आली आणि रागही आला. नांदगाव पेठेच्या ज्या कापड कारखान्यात मी शिलाईला जाते, तिथं आमचा सगळ्यांचा आरोग्य विमा आहे. त्यात वर्षातून एकदा तपासणी फुकट. धडधाकट असताना करायची, म्हणजे दुखणं आधीच कळतं. तू छातीतल्या ज्या गाठीनं गेलीस तिचीही तपासणी त्यात आहे, म्हणून मी सुट्टी टाकून अमरावतीच्या दवाखान्यात गेले. काही झालं नसताना दवाखान्यात जायचं, हे ऐकून तू पोट धरून हसली असतीस.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय त्रास होतो?" काही नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मी पुन्हा लहान झाले. तिवस्याच्या दवाखान्यात आपण बाकावर बसलोय. फुलं विकून तू तशीच मला घेऊन आलीस, तुझ्या पदराला झेंडूचा वास येतोय. नंबर लागेपर्यंत माझा ताप उतरतो आणि मी डॉक्टरांना सांगते, आता बरं वाटतं. बाहेर येताच तू माझ्या दंडाला चिमटा काढतेस. "एवढा वेळ बसलो अन् काहीच नाही म्हन्ते? डाक्टरचा टाइम खाल्ला, काहीतरी सांगा लागते ना!" ते माझ्या अंगात इतकं मुरलंय की आज मी बोलून गेले, डाव्या बाजूला छातीत जड वाटतं. बाईंनी ते लिहून घेतलं, हातानं तपासलं आणि मॅमोग्राफी लिहून दिली.

खिडकीवरच्या मुलीनं कागद पाहून परत केला. "ताई, हे चेकअपमधी नाही बसत. तरास लिहिला ना आता. तरासाची तपासनी विम्यातून दवाखान्यात भरती झाल्यावरच भेटते."

"पन तपासनी तं तेच हाय ना?"

"तेच हाय."

"मंग?"

ती इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी याल तवा काही होत नाही म्हना. फुकट होऊन जाईन." कारखान्याच्या साहेबांना फोन केला, विमावाल्यांना केला. सगळे गोड बोलले. नियमच तसा आहे म्हणाले. पदरचे घालावेत तर ह्यांचं काम बंद आहे, घर माझ्या पगारावर चाललंय. भांडावं तरी कोणाशी, हेच कळेना.

परतीच्या बसमध्ये तुझा राग आला. गाठ हाताला लागत होती आणि तू कोणाला बोलली नाहीस. सगळं हाताबाहेर गेल्यावर मी विचारलं होतं, काहून नाही सांगितलं? तू ओट्याशी बसून हार ओवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दुखून नाही राह्यलं, तं डाक्टरले काय सांगू?" मी तर सांगितलं ना, माय. सांगितलं म्हणूनच परत पाठवलं. मग बाईमाणसानं वागावं तरी कसं?

घरी ह्यांनी विचारलं, झाली का तपासणी? हो म्हटलं आणि कणीक भिजवायला बसले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहिते. तुझ्या धाकानं काहीतरी बोलून गेले असं वर म्हटलंय, ते खोटं आहे. डाव्या बाजूला हाताला लागतं. दुखत मात्र नाही.