पाणी चावतंय

आप्पा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि आज तुमचं म्हणणं पुरतं खरं निघालं. पाणी चावतं. शिवाय एक गोष्ट तुमच्यापासून लपवलीय, तीही आज सांगून टाकायची आहे.

गुंजी गावच्या आपल्या भातशेतात रोप लावायला उतरण्याआधी तुम्ही बांधावर बसून पायांना करंजाचं तेल चोळायचा. काय तो वास, बाई गं! ‘पाणी चावतंय, तेल लावल्याबिगर उतरू नको,’ म्हणायचा. मी बेळगावच्या कॉलेजात जाऊ लागलेली, नुकती शिंगं फुटलेली. लावणीच्या बायकांसमोर म्हणाले, ‘पाण्याला काय दात असत्यात व्हय आप्पा?’ बायका खो खो हसल्या. तुम्हीही हसलात. ‘तूच बघ की शिकून,’ एवढंच म्हणालात.

बघितलं की! आता तेच माझं काम आहे. भातातल्या गोगलगायीतून एका चपट्या कृमीची अळी बाहेर पडते, दुभंगलेल्या शेपटीची, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल अशी. तिला जायचं असतं गुरांच्या रक्तात. चुकून माणसाच्या कातड्यात घुसली तर तिथंच मरते आणि आपण बसतो खाजवत. तिच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचा दाट थर असतो. ते तिचं पाण्यातलं घोंगडं. आत नुसता पातळ पापुद्रा. कातड्याच्या तेलकटपणाची चाहूल लागली की ती घोंगडं टाकून देते, आणि मग साधं पाणीही तिला सोसत नाही.

आज सकाळी प्रयोगशाळेत अळ्यांच्या बशीत मी करंजाचं तेल सोडलं. कातडं आलं असं समजून फसल्या बघा! घोंगडी टाकली आणि पाण्यात फुगून मेल्या. अजून पुन्हा पुन्हा तपासायला हवं, पण माझ्या डोळ्यांना धार लागली. ‘काय झालं मॅडम?’ शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं. ‘तेलाच्या वासानं,’ म्हणाले.

त्या वर्षी माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी घरी यायच्या होत्या, आणि तुमची तेलाची बाटली न्हाणीत उपडी सापडली. तुम्ही मांजराला शिव्या घातल्यात, त्याचं दूध बंद केलंत. नवं तेल मिळेपर्यंत आठ दिवस नुसत्या पायांनी लावणी केलीत, पिंडऱ्या रक्त येईस्तोवर खाजवल्यात. मी बघत होते. तोंड उघडलं नाही.

हे पत्र वहीतच राहणार. आप्पा, मला त्या वासाची लाज वाटायची. बाटली मीच ओतली होती.