वस्ती फोडू नये

सातखेडी, ता. चोपडा
१४ फेब्रुवारी २०२२

ती. अक्कास, धाकट्या अभिमनचा शि. सा. नमस्कार.

इकडे बठ्ठं ठीक शे, असं लिहिलं की धुळ्यात तुझ्या कॉन्व्हेंटी कपाळाला आठी पडते. म्हणून शुद्ध लिहितो, इकडे सर्व क्षेम. केळीची बाग बरी आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

ग्रामपंचायतीच्या प्रभाग रचनेचा मसुदा चावडीवर लागला आहे. मागच्यासारखेच तीन प्रभाग, आणि नाल्यापलीकडचा भिलांचा पाडा तिन्हींत थोडा थोडा. दिवाळीत तू पाड्यावरच्या मोगराबाईच्या कानात काहीतरी भरून गेलीस, म्हणून सरपंच या नात्याने हात जोडतो, यावर हरकत घेऊ नकोस. पाड्याची मतं तिन्हीकडे आहेत, म्हणून तर प्रत्येक सदस्याला नाला ओलांडून तिकडे जावं लागतं. त्यात त्यांचंच भलं आहे. हरकत घेऊ नकोस. तिसऱ्यांदा लिहितो, घेऊ नकोस.

तुझी भावजय सुंदरबाई हिचा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा अभिमन

धुळे
२१ फेब्रुवारी २०२२

चि. अभिमन यास हेमांगीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आबांनी तुझ्या शिकवणीऐवजी एखादी म्हैस घेतली असती तर घरात निदान दूध आलं असतं.

एका भाकरीचे तीन तुकडे करून तिघांच्या ताटात टाकले की कोणाचंच पोट भरत नाही, वाटणारा मात्र दानशूर ठरतो. सदस्य नाला ओलांडून जातो म्हणतोस. पाच वर्षांतून एकदा, चपला हातात घेऊन! आदिवासी वस्ती फोडू नये, हा नियम आहे. पाड्याला स्वतःचा प्रभाग हवा आणि त्यांचं माणूस आत बसायला हवं. तरच नाल्यावर फरशीचा पूल होईल. पावसाळ्यात तो पाडा तुटतो. आईच्या आजारपणात तिला उचलणारी-ठेवणारी मोगराबाई होती, आणि औषध घेऊन ती गळ्याएवढ्या पाण्यातून आली होती. तू विसरलास, मी नाही.

हरकतीचा मसुदा मी लिहिला आहे. मोगराबाई त्यावर अंगठा उठवणार नाही, सही करील. मीच शिकवली. सुनावणीला चोपड्यात तिच्या शेजारी मी उभी असेन.

सुंदरबाईला सांग, भाकरीचं कळण्याचं पीठ संपलं. तुझ्यावर रागावले तरी तुझ्या घरचं पीठ मला चालतं.

तुझी अक्का

सातखेडी
८ जानेवारी २०२३

ती. अक्कास शि. सा. न.

जिंकलीस, बाई. तुझी हरकत मान्य झाल्यापासून मी चावडीवर खाली मान घालून बसतो. पाड्याचा वेगळा प्रभाग झाला, नऊपैकी दोन जागा त्यांच्या. बाकी सात गावठाणात. एका जागेवर मोगराबाई निवडून आली. दुसरीवर तिचा नवरा मंगा. तो आपल्या मळ्यात वर्षाच्या बोलीने राबणारा सालदार, त्याला उभा राहा म्हणून मीच सांगितलं. तुझ्या न्यायात माझाही खारीचा वाटा असू दे.

पहिल्या सभेला मोगराबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती, खुर्ची कोणी परत मागेल अशी. चहा सगळ्यांच्या आधी तिलाच दिला. पीठ पाठवलं आहे. हरलेल्या भावाला विसरू नकोस.

तुझा अभिमन

धुळे
५ फेब्रुवारी २०२३

चि. अभिमनास आशीर्वाद.

मी कॉलनीत पेढे वाटले. समोरच्या निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, लोकशाही झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

आता फरशी. ती मंजूर आराखड्यात आहे. पावसाळ्याआधी झाली पाहिजे. मंगा-मोगराबाईची सून मोनाली हिला दिवस गेले आहेत, ऑगस्टात बाळंत होईल. तिला नाल्याच्या काठावर पाणी उतरायची वाट बघत बसावं लागू नये, एवढं तुझ्याच्याने होईल ना? हरलास तसा शहाणाही हो, म्हणजे आशीर्वाद फुकट जाणार नाहीत.

तुझी अक्का

सातखेडी
१९ ऑगस्ट २०२३

ती. अक्कास शि. सा. न.

पाऊस उत्तम आहे, केळीला मानवला. नवा सिमेंट रस्ता थेट आपल्या मळ्यापर्यंत आला. आता ट्रक बांधालाच लागतो. फरशीचा पैसा तिकडे वळवला, पण रीतसर मतदान घेऊन. आठ विरुद्ध एक. आठवा हात मंगाचा. बायकोच्या शेजारी बसून वर केला बिचाऱ्याने. तीही त्याच्याकडे बघत नव्हती, तोही नाही.

मोनालीचं कळवायचं राहिलं. कळा सुरू झाल्या त्या दिवशी नाला दुथडी होता. झोळीत घालून तिला काठापर्यंत आणलं, पाणी चढत होतं म्हणून परत नेलं. पोरगी वाचली. बाळ गेलं, मुलगी होती. तू जिवाला लावून घेऊ नकोस, बीपीची गोळी वेळेवर घे. आम्हाला तुझाच आधार.

तुझा अभिमन

धुळे
३ सप्टेंबर २०२३

अभिमन,

या पत्रात आशीर्वाद नाहीत, शोधू नकोस.

मी पाड्यावर जाऊन आले. तुझ्या दारावरून गेले, आत आले नाही. मोनाली भिंतीकडे तोंड करून निजली होती. दूध येत होतं, पदर भिजला होता.

मोगराबाईने मला कोरा चहा दिला आणि एकच मागणं मागितलं. अक्का, आमले परत तीन जागे फोडी द्या. पूर्वी तिन्ही प्रभागांतल्यांना त्यांच्या मतांची गरज होती. तिन्हीकडचे येत, खोटं का होईना, बहीण म्हणत. हातपंप त्याच खोटेपणातून आला होता. आता सातांना त्यांची गरजच उरली नाही. मी तिला सांगितलं की पुढची रचना निवडणुकीच्या आधी, म्हणजे अजून चार वर्षांनी. ती म्हणाली, मग तोवर पाऊसले थांबाले सांगा.

नुसती खुर्ची पुरत नाही, हे मला या वयात तिच्याकडून कळलं. वस्तीचं काम वस्तीच्या संमतीशिवाय दुसरीकडे नेता येऊ नये. तसा ठराव पुढच्या सभेत मांड आणि फरशी बांध. नाहीतर मी जळगावला जिल्हा परिषदेच्या दारात बसेन.

पीठ परत पाठवते आहे.

हेमांगी

सातखेडी
२२ एप्रिल २०२४

ती. अक्कास,

आशीर्वाद नसले तरी माझा नमस्कार ठरलेला.

जळगावला तू दोनदा बसून आलीस म्हणे. उन्हात डोक्यावर पदर घेत जा. तिथले साहेब मला म्हणाले, तुमच्या ताई बोलतात फार छान. तुझा संमतीचा ठराव मांडला होता. पडला. किती विरुद्ध किती, ते तुला पाठ आहे.

तू मोठी, तुझ्यापासून काय लपवायचं? प्रभाग बदलण्याआधीच्या निवडणुकीत पाड्याच्या मतांनी तिन्ही प्रभागांत माझी एकेक जागा पाडली. ती मतं मला वेचून एका डब्यात बंद करायची होती. मी मागणी केली असती तर गाव बोंबललं असतं. तू केलीस तर टाळ्या वाजणार. म्हणून तुला तीनदा लिहिलं, हरकत घेऊ नकोस. आणि कारणही खरंखुरं लिहिलं होतं, पाडा फुटलेला आहे त्यातच त्यांचं भलं आहे म्हणून. लहानपणी मी चिंचेवर चढू नकोस म्हटलं की तू चढायचीस, मी खाली सदरा पसरून उभा. चिंचा तेव्हाही मीच खायचो.

मोनाली आता मळ्यात कामाला येते. बोलत नाही, काम चोख करते.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, ये. झोका बांधला आहे, सुंदरबाई सांजोऱ्या करते आहे. पाड्याला न्याय मिळवून दिल्याबद्दल ग्रामपंचायत त्या दिवशी तुझा सत्कार करणार आहे. माहेर तुझंच आहे, रुसवा नाल्यापलीकडे ठेवून ये.

तुझा धाकटा अभिमन

ता. क. सत्काराचा ठराव मंगाने मांडला. आठ विरुद्ध एक मताने मंजूर झाला. मोगराबाईने आपला विरोध लिहून घ्यायला लावला आणि खाली सही केली. छान येते तिची सही. अक्षराचं वळण थेट तुझं.