गडग्यापलीकडची गादी

रविवार, ९ नोव्हेंबर

कालपासून मी लेकीकडे, संचिताकडे राहायला आले. कसालच्या घराला कुलूप घातले. इथे खिडकीतून खाडी दिसते, वाराही झकास. संचिता ह्या बिल्डिंगची मॅनेजर. नळ, दिवे, कचरा, लोकांची भांडणे, सगळे तिच्या डोक्यावर. जावई बोटीवर. लिफ्टमध्ये आरसा लावलाय. तीन मजले चढेपर्यंत स्वतःचे तोंड कशाला बघायचे असते, देव जाणे. झाडूवाली सुभद्रा पहिल्याच दिवशी खाडीतल्या वाटीभर तिसऱ्या-शिंपल्या देऊन गेली. ऑफिसातली कोरी डायरी संचिताने माझ्यापुढे टाकली, म्हणाली, "आये, माझ्याशी भांडतंस त्यापेक्षा हेच्यात लिही." चौथी शिकले आहे, लिहीन की.

टेम्पोतून तांदूळ, नारळ आणि गादी आणली. गादी ह्यांची. दोन वर्षे अंथरुणाला खिळले होते, जूनमध्ये गेले. आमच्याकडे मेलेल्याचे अंथरूण घरच्यांनीच व्हाळापलीकडे, ओढ्यापार नेऊन टाकायचे आणि येताना मागे वळून बघायचे नाही. मी माळ्यावर लपवली आणि टाकली म्हणून सांगितले. कापूस नवा होता. मेलेला माणूस काय परत निजायला येतो?

बुधवार, १२ नोव्हेंबर

गादी रोज सकाळी ओली. मी अजून तेवढी म्हातारी झाले नाही. गच्चीवर दोन दिवस उन्हात घातली. वरून कडक होते, पाठ टेकली की थंडगार. मधोमध ह्यांच्या अंगाएवढा खळगा. झोडपला तरी भरत नाही. वासही तोच. संचिताने नाक मुरडले, मी फिनेलवर ढकलले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

टाकली एकदाची. संचिताला सांगितले, कापूस पिंजायला दिली. दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर खोळ काढून लिफ्टने खाली नेली आणि मागच्या दगडी गडग्यावरून पलीकडे ढकलली. तिथे सगळेच टाकतात. पोरांचे लंगोट, फुटका कमोड, पाहुण्यांच्या बाटल्या. 'कचरा टाकू नये' असा संचिताचा बोर्ड आहे, त्याच्या पायाशीच ढीग जास्त. व्हाळापर्यंत न्यायला हवी होती. कोण नेणार? येताना वळून बघितले मात्र.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पंचायतीची नोटीस आली. आवारात फ्लॅटवाल्यांची बैठक. गडग्यापलीकडे गादी सापडली, कुणाची म्हणून विचारले. ज्यांचा कमोड तिथे पडलाय तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. शेवटी सगळे संचिताला म्हणाले, तुला जमत नसेल तर दुसरी मॅनेजर बघू. पोरीचे तोंड उतरले. तेव्हा माझे तोंड उघडले, आणि त्यातून आले की सुभद्रा काहीतरी ओढत नेताना मी बघितली.

सुभद्रा झाडू धरून समोरच उभी होती. म्हणाली, "काकी, तुमी माका बघलास? माझ्याकडे बघून सांगा." मी चष्मा पुसत बसले. फ्लॅटवाल्यांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. गादी कचऱ्याच्या गाडीने नेली.



बुधवार, १९ नोव्हेंबर

गादी परत आली. गडग्याच्या आतल्या बाजूला. संचिताला वाटते, सुभद्राने सूड घेतला. गाडीवाला शपथा घेतो की त्याने ती डेपोत टाकली होती.

उद्या सांगेन.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सांगितले नाही. काल गाडीने गादी परत नेली होती, आज जिन्याखाली. फाटकावर सुभद्रा आली होती. कामावरून काढलेली म्हणून नाव झाले, आता कोणी कामाला ठेवत नाही, दोन ओळी लिहून द्या म्हणत होती. संचिताने हाकलली. मी बाल्कनीतून आत सरले. ह्या वयात पडद्याआड लपले. उभ्या जन्मात कुणाला भ्यायले नाही, आणि एका झाडूवालीच्या डोळ्यांना —

शनिवार, २२ नोव्हेंबर

पहिल्या मजल्यावर. खळगा खोल झालाय. हात घातला — ऊब. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

रविवार, २३ नोव्हेंबर

आमच्या दारात. संचिता बाजारात गेलीय. भर दुपार. शेजारच्या दाराची कडी वाजली — तशी मीच ओढून आत घेतली. कोणी बघू नये म्हणून. माझ्याच हाताने. अजून लाजच मोठी.

आतल्या खोलीत टाकली, दार ओढून घेतले.

आतून — "गो, पाणी दी."

त्यांचाच आवाज. जूनमधल्या त्या दुपारचा.

संचिता, हे वाच. सुभद्राचा काही दोष नाही. गादी मी टाकली. तिला बोलाव, सगळ्यांसमोर बोलाव, माझे नाव सांग —

परत हाक. दुसरी.

तांब्या भरलाय. आधी लिहिते. सगळ्यांना सांगितले, ते गेले तेव्हा मी विहिरीवर होते. नव्हते. पडवीत होते, दाराला पाठ लावून. ऐकत होते. कंटाळले होते गो. पाण्यासाठी तीन हाका मारल्या तुझ्या बापाने. तिसरी अर्ध्यातच तुट—