सलग तीस दिवस

३ फेब्रुवारी
दादाला जाऊन तीन आठवडे झाले. आज वहिनीकडे शिपाई आला. हातात फरार आरोपींची यादी, तीत दादाचं नाव. एकोणिसाव्या वर्षी त्याने कुणाची तरी स्कूटर न विचारता फिरवली होती. एका तारखेला कोर्टात गेला नाही, म्हणून फरार. शिपायाने विचारलं, कुठे असतात? वहिनी म्हणाली, शोधा, आणि सापडले तर आधी मला कळवा.
वहिनीला सांगितलं की मी पोलीस रेकॉर्डच्या कॉम्प्युटर विभागातच आहे, दोन दिवसांत काम होईल. जुन्या रजिस्टरमधली ही नोंद गेल्या वर्षी मीच टाइप केली, हे सांगायचं राहिलं.

४ फेब्रुवारी
मृत्यूचा दाखला जोडला, साहेबांची सही घेतली. आता सलग तीस दिवस कुणी नोंद उघडली नाही, की ती फोटोसकट आपोआप कायमची बंद होते. मधे उघडली, तर तपास चालू आहे असं समजून कॉम्प्युटर पुन्हा तीसपासून मोजतो. उघडायचं कारणच काय? ६ मार्चला विषय संपेल.

९ फेब्रुवारी, दुपारी
दाखला नीट जोडला गेलाय का, एवढंच पाहायला उघडली. गेलाय. फोटोत दादाच्या अंगात माझा चौकड्यांचा शर्ट आहे. शर्ट हरवला म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि दादा माझ्याबरोबर तो शोधत होता.

१० फेब्रुवारी
शर्टाला खिसे किती, अशी शंका आली. एकच.
प्रिंट काढायला बंदी आहे. फोन दाराशी जमा करावा लागतो. मला प्रिंट नकोच आहे, सहज लिहून ठेवलं.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, एकाच फरार माणसाच्या मागे एवढे का लागलात, मोठी केस आहे का? म्हटलं, रूटीन.

६ मार्च
शिपाई पुन्हा वहिनीकडे. तिचा फोन आला. भावोजी, तुमचे दोन दिवस किती दिवसांचे असतात? सांगितलं, सर्व्हर स्लो आहे. सर्व्हर उत्तम आहे.

७ मार्च
सकाळी शेवटचं पाहून घेतलं. आता बंद म्हणजे बंद. दादाच्या आडनावाच्या अक्षराच्या सगळ्या नोंदी बाईंकडे दिल्या, त्यांच्या मी घेतल्या. ६ एप्रिलला काम फत्ते.

२० मार्च
तेरा दिवस झाले. काही जड गेलं नाही. जेवण कमी झालंय, ते उन्हामुळे.

४ एप्रिल
दोनच दिवस उरले होते. वहिनी स्वतःच ऑफिसात आली. साहेब मीटिंगला होते, तिला माझ्या शेजारी बसवलं. सगळं सांगितलं, नोंद मीच टाइप केली, हेसुद्धा. तिने विचारलं, त्यात फोटो आहे का?
मी नियम समजावला, उघडली की पुन्हा तीस दिवस. ती म्हणाली, आमचं लग्न ठरलं तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि डोक्यावर टक्कल. त्याआधीचा एकही फोटो घरात नाही.
मी नियम पुन्हा समजावला, जरा कडक आवाजात. मग बाईंना म्हटलं, पाच मिनिटं तुमची खुर्ची द्या.
वहिनी बराच वेळ पाहत होती. म्हणाली, केस होते तर.
स्क्रीनच्या कोपऱ्यात तीस आलं. तिला दाखवलं. म्हटलं, शिपाई परत येईल. ती म्हणाली, येऊ दे, भला माणूस आहे, चपला बाहेर काढतो.
उठताना तिने विचारलं, पुढच्या आठवड्यात आले तर चालेल का? म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत या, तेव्हा इथे कुणी नसतं.