बेडकी अखेर नापास झाली

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघा खाली टेकू देत नाही, तेव्हा उभ्यानेच केला आहे, पण भाव पुरेपूर आहे). तुझी साखर, वहिनीची मान आणि तुमच्या गच्चीची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे सगळी मंडळी बरी आहेत. आमचे हे दिवसभर कुरकुरतात, म्हणजे त्यांचीही तब्येत चांगली आहे. आई ठणठणीत. आणि बाबांचं विचारशील तर परवापासून ते आंघोळ करताना शीळ घालतात. बाबा! शीळ! शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या की घरी कोण पाहुणे आलेत.

आता हे कसं घडलं ते सविस्तर लिहिते. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोनवर "बरं, बरं" म्हणत टीव्ही बघतोस हे मला ठाऊक आहे.

आपला कारखाना पाडणार आहेत. तिथे गोदामं होणार. तर थोरल्या मालकांची नात (तीच, जिने लहानपणी तुझ्या नव्या शर्टावर शाई सांडली आणि उलट तुलाच रडवलं) हिच्या मनात आलं की पाडण्याआधी सगळ्या बेडक्यांना एकदा माहेरी बोलवावं. ज्याच्याकडे म्हणून कारखान्याची गाडी असेल त्याने ती घेऊन यावं. अट एकच, गाडी स्वतःच्या पायांनी यायला हवी, टोचन करून आणलेली चालणार नाही. (ही अट दुपारपर्यंत गुपचूप मागे घेण्यात आली, कारण नाहीतर मांडवात नात आणि चहावाला एवढेच उरले असते.)

तुझी मुलं मोठी झाली, त्यांना हे वाचून दाखव, म्हणून थोडा इतिहास लिहिते. थोरले मालक मुळात विहिरीचे पंप करायचे. पंप असे की नातवापर्यंत टिकत. मग त्यांच्या चिरंजिवांना मोटार काढायची हौस आली आणि घरात पंपाचं इंजिन होतंच, त्याला चार चाकं लावली. म्हणूनच पहिल्या बेडकीला पाणी दिसलं की अंगात यायचं आणि कोरडा सरळ रस्ता दिसला की ती विचारात पडायची. कंपनीने तिला कुठल्याशा ताऱ्याचं नाव दिलं होतं, पण ते गोल डोळे आणि पहिला गिअर टाकल्यावरची ती उडी पाहून लोकांनी दुसऱ्याच दिवशी बारसं केलं. दुसऱ्या मॉडेलला काचा खाली-वर करायची सोय आली. त्यातली खाली करायची सोय उत्तम होती. तिसऱ्यात रेडिओ बसवला, तो वायपर चालू असेल तरच वाजायचा, त्यामुळे भर उन्हात काच पुसत गाणी ऐकणारी माणसं आपल्या गावाने पाहिली. चौथं मॉडेल फारच चांगलं निघणार होतं असं सगळे सांगतात. ते निघायच्या आत बाहेरच्या गाड्या आल्या, ज्या नुसत्या किल्ली फिरवली की सुरू होत. त्याला कोण काय करणार?

आपली दुसऱ्या मॉडेलची. आठवते ना ती मागची सीट? रेक्झिनचा तो वास, आणि तुझ्या बाजूची टोचणारी स्प्रिंग, जिच्यावर तू मला बसवायचास? दादा, आपल्या वर्गातल्या मुलांचं बालपण अंगणात गेलं, आपलं रस्त्याच्या कडेला गेलं. आई थर्मास घेऊन दगडावर बसलेली, बाबा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गडप, आणि आपण दोघं येणाऱ्या ट्रकचे रंग ओळखायची पैज लावतोय. किती अनोळखी घरांत आपण पाणी प्यायलो! त्यातल्या एका घरची बाई अजून आईला शुभेच्छांचं कार्ड पाठवते. आई लग्न होऊन आली तीच गाडी ढकलत, हे ती पाहुण्यांना सांगायची तेव्हा बाबा हळूच उठून आत जायचे.

कारण, तुला ठाऊक आहे, बाबा तपासणी खात्यात. तयार झालेली प्रत्येक गाडी आवारातल्या त्या गोल रस्त्यावर फिरवायची, कान देऊन ऐकायची, आणि खोट असेल तिथे खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. म्हणजे गावात जी जी बेडकी बंद पडली ती बाबांनी पास केलेली. आपली तर होतीच. त्यामुळे घरात "गाडी बंद पडली" म्हणायची चोरी होती. गाडी "थांबली" म्हणायचं. तू एकदा चारचौघांत "बंद पडली" म्हणालास तर बाबा जेवताना एक शब्द बोलले नव्हते.

पण तू गेल्यानंतरचं तुला माहीत नाही. कारखाना बंद झाल्यावर बाबांनी माणसांत जाणंच कमी केलं. रस्त्यात कुणाची बेडकी बॉनेट उघडून उभी दिसली की हे पलीकडच्या गल्लीने जात. एकदा दाढ ठणकून गाल टोमॅटोसारखा झाला, तर दोन एसट्या बदलून परगावच्या दवाखान्यात गेले, कारण आपल्या चौकातल्या दातांच्या डॉक्टरांकडे तिसऱ्या मॉडेलची बेडकी आहे. "ज्याला आपण असली गाडी दिली, त्याच्यापुढे तोंड उघडून कसं बसायचं?" असं ते आईला म्हणाले होते. आईने हे मला आत्ता सांगितलं.

तेव्हा मेळाव्याचं बोलावणं आलं आणि बाबांची कंबर लगेच दुखू लागली. आईने दोन दिवस शेक दिला. तिसऱ्या दिवशी पदर खोचून समोर उभी राहिली. "कंबर माझी दुखायला हवी, आयुष्यभर ढकलली मी. मला ती जागा पाडायच्या आधी बघायची आहे. तुम्ही नाही आलात तर मी आणि धाकटी जातो." बाबा आले.

गाडी मी चालवत होते, शेजारी आई, मागे बाबा. नदीवरच्या पुलाच्या चढावर बेडकीने नेहमीसारखा एक सुस्कारा टाकला आणि ती थांबली (बघ, सवय जात नाही). तेवढ्यात मागून दुसरी बेडकी आली आणि तीही उभी राहिली. उतरले कोण, तर दातांचे डॉक्टर! मी आरशात पाहिलं, तर बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला होता, तोही उलटा. डॉक्टर फार मोकळा माणूस. म्हणाले, "आजोबांना बसू द्या, मी लावतो हात." त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि आई आणि ते मिळून बाबांना पुलाच्या टोकापर्यंत ढकलत घेऊन गेले. वाटेत आपली हकिगत सांगत होते. त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की हॉर्न वाजतो. सुरुवातीला लोक शिव्या घालायचे, म्हणून डॉक्टर आता सगळीकडे उजवीकडे वळूनच जातात. घरापासून दवाखाना डावीकडे हाकेवर आहे, तर ते अख्ख्या गावाला प्रदक्षिणा घालून येतात. "पण त्यामुळे," ते धापा टाकत आईला म्हणाले, "सगळं गाव ओळखीचं झालं हो." पेपर आणखी थोडा वर सरकला.

दादा, कारखान्याच्या आवारात पाऊल टाकलं. पत्र्याचं छप्पर अर्धं उडालेलं. जोडणी विभागात कबुतरं. पण तेलाचा तो वास भिंतींनी अजून धरून ठेवलाय. आणि गोल रस्त्यावर बेडक्याच बेडक्या. हिरव्या, पिवळ्या, गंजक्या, एक तर लग्नातल्या नवरीसारखी सजवलेली. प्रत्येकीचं बॉनेट उघडं आणि प्रत्येक मालक दुसऱ्याला आपलं दुखणं सांगतोय. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर माणसं सांगतात ना, माझं तुझ्यापेक्षा मोठं, अगदी तसं. कुणाचं दार वळणावर उघडायचं, म्हणून त्याच्या बायकोने दोरी बांधून ती हातात धरायची आणि त्यालाच वीस वर्षं संसार म्हणायचा. कंपनीला विचारलं की एकच उत्तर यायचं, चालवणाऱ्याचा दोष. हे मात्र कुणी हसत सांगत नव्हतं. तेवढं एक त्यांना लागलं होतं.

मग नातीने माईक घेतला आणि जुन्या कामगारांची ओळख करून द्यायला लागली. बाबा खांबाच्या आड. तिने त्यांना बरोबर हेरलं. "आणि हे आपले तपासणी खात्याचे प्रमुख. आपली प्रत्येकाची गाडी यांच्या हाताखालून गेली आहे."

सगळ्या माना वळल्या. डॉक्टर पुढे आले, बाबांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही? मग एक सांगा. हा हॉर्न तुम्हाला ऐकू आला नव्हता?"

मला वाटलं आता बाबा कंबर धरतील. आईने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

बाबा म्हणाले, "आला होता."

मग खांबाआडून बाहेर येऊन म्हणाले, "फुली मी मारली होती. तुमच्या गाडीवर मारली, जवळजवळ सगळ्यांच्याच गाड्यांवर मारल्या. संध्याकाळी मोठे साहेब ओलं फडकं घेऊन यायचे आणि पुसून टाकायचे. सकाळी गाडी फाटकाबाहेर. रोज मारायचो, रोज पुसायचे."

"मग बोलला का नाहीत?"

"अन्न त्यांचं खात होतो," बाबा म्हणाले. "बाहेर काय बोलणार? आणि घरी बोललो असतो तर पोरांना वाटलं असतं, बाप दिवसभर करतो तरी काय."

दादा, मी तिथेच उभी होते. एवढी वर्षं आपण दोघं "थांबली, थांबली" म्हणत त्यांची टिंगल करायचो, मागच्या सीटवर तोंड दाबून हसायचो. यापुढे मी काही लिहीत नाही, तुला कळेल.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझा दोष नव्हता?" असं म्हणाले की जणू कुणी त्यांची दुखरी दाढ काढली. "आजोबा, मग ती फुली आत्ता मारा ना. माझ्यादेखत मारा!" कुणीतरी खडू पैदा केला. बाबांनी चष्मा पुसला, डॉक्टरांच्या गाडीत बसले, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, हॉर्न वाजला. खाली उतरून त्यांनी बॉनेटवर अशी झोकदार फुली ओढली आणि मोठ्याने म्हणाले, "नापास!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! डॉक्टरांनी त्या फुलीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग रांगच लागली. "माझी बघा", "आधी माझी", "आमची तर बघायचीही गरज नाही, मारा." बाबा प्रत्येक गाडी मनापासून तपासत होते, कान लावत होते, हात फिरवत होते, आणि नापास करत होते. ज्याची नापास झाली तो पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटला. एकट्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची पंचाईत झाली. त्यांच्या गाडीत काही सापडेचना. बाबांनी दोनदा चक्कर मारली आणि "पास" म्हणाले. बाईंचा चेहरा पडला. "नीट बघा हो, काहीतरी असेलच," असं त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. बाकीचे त्यांच्याकडे कॉपी करून पहिल्या आलेल्या मुलीसारखं बघत होते.

सगळ्यात शेवटी आपली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला. खडू वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. माणसं वाट बघत होती. बाबांना काही जमेना.

तेव्हा आई पुढे झाली. तिने त्यांच्या बोटांतून खडू काढून घेतला, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, दिव्यांपासून काचेपर्यंत, तुला काय सांगू, एवढी मोठी फुली मारली की खडू संपला. हात झटकले आणि म्हणाली, "सुटले एकदाची!" बाबा आधी तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग हसायला लागले. मी त्यांना असं हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. हसता हसता त्यांना गाडीला टेकावं लागलं.

येताना बेडकी एकदाही थांबली नाही. पुलाच्या चढावरसुद्धा नाही. बाबा मागे बसून बाहेर बघत होते. घराजवळ आल्यावर अचानक म्हणाले, "दादाची नवी गाडी कशी आहे गं?" तू ती बाहेरची गाडी घेतलीस त्या दिवसापासून या घरात तिचं नाव निघालेलं नाही, आणि तूही ती घेऊन कधी इकडे आला नाहीस. मी म्हटलं, छान आहे म्हणतात, आवाजच येत नाही. त्यावर ते म्हणाले, "आवाज येत नाही असं कसं होईल? ऐकायला हवं." आणि तेव्हापासून ही शीळ.

वहिनीस नमस्कार, मुलांना माझ्याकडून एकेक चापट (प्रेमाची). पत्र लांबलं, पण तू ते एका बैठकीत वाचणार नाहीस हे गृहीत धरून मध्ये उसंत दिली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. येत्या रविवारच्या गाडीने आई-बाबा तुझ्याकडे येत आहेत. विचारत नाही, कळवते आहे. बाबांनी बॅग परवाच भरली.

पुन्हा ता. क. वर "एकदाही थांबली नाही" असं लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. मुख्याध्यापिकाबाईंच्या गाडीला दोराने बांधलेली होती, त्यामुळे थांबायची तिची टाप नव्हती. हे बाबांसमोर काढू नकोस.

आणखी एक, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. बाबा तुझी गाडी तपासणार. ती निर्दोष असेल, आणि याचंच मला भय आहे. तेव्हा दादा, रविवारच्या आत तिच्यातलं काहीतरी ढिलं करून ठेव. मोठं काही नको, एखादा खडखडाट पुरे. तो त्यांना सापडला पाहिजे, पण लगेच सापडता कामा नये. आणि शोधताना टॉर्च धरायला तूच त्यांच्या शेजारी उभा राहा. दुपारभर तरी पुरेल असं बघ.